लिव्हर आडवा, व्हॉल्व्ह मात्र उघडा: दिंडोरीकडच्या एका पल्प प्लँटमधलं प्रकरण

बॉल व्हॉल्व्हचा नियम प्लँटमधल्या नवीन पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात, लिव्हर पाईपच्या रेषेत असला की चालू आणि आडवा असला की बंद, बस, एवढंच. हा नियम इतका पक्का डोक्यात बसतो की नंतर कोणी विचारच करत नाही की हे सांगतंय कोण. सांगतो लिव्हर. आणि लिव्हर म्हणजे काय, तर स्पिंडलच्या, म्हणजे आतला भोक पाडलेला बॉल फिरवणाऱ्या दांड्याच्या, डोक्यावर एका नटने बसवलेली पट्टी. आतला बॉल कुठल्या दिशेला आहे हे त्या पट्टीला काही माहीत नसतं, ती जशी बसवली तशी बसते.

प्लँट दिंडोरीच्या बाजूला आहे, टोमॅटोचा पल्प आणि पेस्ट काढतात, नाव घेत नाही. माल गिरणारे आणि पिंपळगावकडून येतो, सिझनमध्ये तिन्ही पाळ्या चालतात. पल्पच्या लाइनी दर काही तासांनी धुवाव्या लागतात, त्याला सगळे सीआयपी म्हणतात, म्हणजे पाईप न सोडता आतल्या आत कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, फिरवायचं, मग गरम पाणी, मग साधं पाणी. कॉस्टिक साधारण २ टक्क्यांचं, तापमान ८० डिग्रीच्या आसपास. रिटर्न लाइनला दोन इंची बॉल व्हॉल्व्ह, त्याच्या पुढे क्लँपने जोडलेला होज, म्हणजे लवचिक नळी, तो होज गरजेप्रमाणे या लाइनवरून काढून त्या लाइनला लावायचा. दिवसातून कितीतरी वेळा होणारं काम.

नवरात्रातली रात्रपाळी होती. त्या लाइनवरचा नेहमीचा ऑपरेटर सुट्टीवर, वणीच्या गडावर गेलेला, म्हणून पॅकिंगकडचा एक पोरगा तिथे उभा केला. त्याला होज बदलायला सांगितलं. त्याने बघितलं, लिव्हर आडवा, म्हणजे बंद. बरोबरच बघितलं त्याने. क्लँपचा नट सैल केला आणि मागच्या हेडरमधलं, म्हणजे मुख्य पाईपमधलं, गरम कॉस्टिक थेट त्याच्या पायावर आलं, कारण दुसऱ्या लूपसाठी पंप चालूच होता आणि हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. पोराने पँट गमबुटात खोचली होती, त्यामुळे सगळं पाणी बुटात उतरलं. ही गोष्ट जिथे कुठे कॉस्टिक वापरतात तिथल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, पँट बुटाच्या बाहेर पाहिजे. त्याला लगेच शॉवरखाली धरलं हे चांगलं केलं, पण बूट काढायचं कोणाच्या लक्षात यायला वेळ गेला, आणि वरून पाणी पडतंय तरी आत कॉस्टिक तसंच. कॉस्टिकचं असं आहे की सुरुवातीला बुळबुळीत लागतं, आग थोडी उशिरा कळते, तोवर ते कातडीत शिरत असतं. घोट्याला आणि पावलाला भाजलं, नाशिकला ॲडमिट केलं, आता बरा आहे, कामावर परत आलाय, पण पॅकिंगलाच, इकडे यायला तयार नाही आणि मी त्याच्या जागी असतो तर मीपण आलो नसतो.

आमचं नाशिकच्या अंबडला छोटं वर्कशॉप आहे, व्हॉल्व्हची फिटिंग, ब्रॅकेट, हँडल, एक्स्टेन्शन असली कामं करतो. मला फोन आला तो असा, की "भाऊ, आम्हाला सगळ्या व्हॉल्व्हवर बाण काढलेल्या प्लेटा पाहिजेत, ओपन-क्लोज लिहून, शंभर नग." मी म्हटलं प्लेटा देतो, पण आधी तो व्हॉल्व्ह बघू द्या.

जाऊन बघितलं तर तिथे आधीच स्टिकर होता. म्हणजे स्टिकरचा गोंद होता. गरम पाणी आणि कॉस्टिकच्या माऱ्यात स्टिकर किती टिकणार.

व्हॉल्व्ह थ्री-पीस, एसएसचा म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, दोन्ही टोकं पाईपला वेल्ड आणि मधली बॉडी चार बोल्टांत पकडलेली. वर आयएसओ ५२११ चा पॅड, म्हणजे पुढेमागे न्यूमॅटिक ॲक्च्युएटर (हवेच्या दाबावर व्हॉल्व्ह फिरवणारं यंत्र) बसवता यावा म्हणून ठरावीक मापाचा माउंटिंग फेस आणि चौकोनी स्पिंडल. खरेदी करताना कोणीतरी दूरचा विचार केला होता की आज हाताने चालवू, उद्या ऑटोमेशन करू, आणि विचार चुकीचा नाही, पण सगळी भानगड याच चौकोनात आहे. जुन्या साध्या व्हॉल्व्हमध्ये स्पिंडलचं डोकं दोन बाजूंनी सपाट असतं, ज्याला डबल-डी म्हणतात. त्यावर लिव्हर दोनच प्रकारे बसतो, सरळ नाहीतर १८० डिग्रीत उलटा, आणि दोन्हीत तो बॉलच्या भोकाच्या रेषेतच राहतो. म्हणजे लिव्हर डावीकडे तोंड करून बसेल, पण खोटं बोलणार नाही. चौकोनावर तोच लिव्हर चार प्रकारे बसतो आणि त्यातले दोन प्रकार सरळ सरळ खोटे.

बरं, खोटा बसला तर निदान अडकावा ना, चालवणाऱ्याला कळावं की काहीतरी चुकलंय. तसंही होत नाही. इथे स्टॉप प्लेट वेगळी आणि लिव्हर वेगळा होता. स्टॉप प्लेट खाली स्पिंडलवर बसते आणि बॉडीच्या पिनला अडून बरोबर पाव फेरा देते. लिव्हर तिच्या वर. त्यामुळे लिव्हर ९० डिग्रीत चुकीचा बसवला तरी व्हॉल्व्ह लोण्यासारखा चालतो, दोन्ही टोकांना बरोबर थांबतो, बंद होतो तेव्हा पूर्ण बंद, उघडतो तेव्हा पूर्ण उघडा. फक्त दाखवतो उलटं.

आता हे केलं कोणी? मॅनेजर साहेबांचं म्हणणं, ऑफ सिझनला सीट, म्हणजे बॉलला घट्ट धरणाऱ्या आतल्या कड्या, बदलल्या तेव्हा फिटरने हलगर्जीपणा केला, त्याची दोन दिवसांची मजुरी कापली. फिटर म्हणजे पन्नाशीचे नाना, बरीच वर्षं हेच काम. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, नाना, खरं काय ते सांगा, मला कोणाला काही सांगायचं नाहीये.

"अहो शेठ, चुकून नाही केलं, मुद्दाम केलंय," नाना म्हणाले. "इथून क्रेटच्या ट्रॉल्या जातात ना. लिव्हर बंद केला की रस्त्यात यायचा. मागच्या सिझनला ट्रॉली घासली आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडला, सगळा पल्प पाणी पाणी झाला. तेव्हा साहेब म्हणाले, नाना, तो दांडा आत घ्या. घेतला आत."

मी जागेवर उभं राहून बघितलं तर नानांचं शंभर टक्के बरोबर. पाईप डावीकडून उजवीकडे जातो, ऑपरेटर आणि ट्रॉलीचा रस्ता अलीकडे, भिंत पलीकडे. मूळ बसवणीत लिव्हर उघडा असताना उजवीकडे, आणि घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद केला की अलीकडे, म्हणजे थेट रस्त्यात, पाईपच्या मध्यापासून २३० मिलिमीटर, मांडीच्या उंचीला. उजवीकडे जाणारी ट्रॉली त्याला घासली की तो उघडणारच. लिव्हर १८० मध्ये फिरवून डावीकडे घ्यावा तर डावीकडे चिकटून सॅम्पल कॉक. मग मोकळा उरला फक्त पलीकडचा-उजवीकडचा पाव भाग. आणि घड्याळाच्या दिशेने बंद करायचं हे कायम ठेवून लिव्हर त्या भागात न्यायचा तर पलीकडे म्हणजे उघडा आणि उजवीकडे म्हणजे बंद, म्हणजे उलटाच. दुसरा मार्गच नव्हता. नानांना जी जागा मिळाली तिथे त्यांनी लिव्हर बसवला आणि नेहमीच्या ऑपरेटरला सांगून ठेवलं की हा आपला उलटा आहे बरं का. त्याने लक्षात ठेवलं, पुढच्या पाळीवाल्याला सांगितलं, आणि सगळ्या सिझनभर काही झालं नाही. झालं ते माहीत असलेला माणूस गडावर गेला त्या दिवशी.

म्हणून माझं मत, मजुरी कापायची असेल तर ज्याने सॅम्पल कॉक तिथे ठोकला आणि ज्याने रस्त्याच्या कडेला व्हॉल्व्ह उभा केला त्या ले-आउटवाल्याची कापा. पण तो कधीच पैसे घेऊन गेला.

आता उपाय. पहिला साहेबांचा, प्लेटा आणि ट्रेनिंग. मी स्पष्ट सांगितलं, साहेब, लिव्हर एक सांगतोय आणि प्लेट दुसरं सांगतीये, तर रात्री तीन वाजता माणूस लिव्हरचं ऐकतो. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत हेच झालं होतं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि कंट्रोल रूममधला दिवा सांगत होता बंद, कारण दिवा व्हॉल्व्हला दिलेला हुकूम दाखवत होता, व्हॉल्व्हची जागा नाही. तिथे शिकलेली माणसं बसली होती, तीपण दिव्यावर गेली. आपल्या पॅकिंगच्या पोराकडून काय अपेक्षा करायची.

दुसरा उपाय त्यांच्या मेंटेनन्स इंजिनियरचा, तरुण पोरगा, हुशार आहे. तो म्हणाला, मोकळ्या भागातच राहू, फक्त स्टॉप प्लेट फिरवू, म्हणजे लिव्हर उजवीकडे चालू आणि पलीकडे बंद. बॉल दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, इकडून पाव फेरा काय, तिकडून काय. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर, लिव्हर खरं दाखवेल. पण बंद करायची दिशा उलटी, घड्याळाच्या विरुद्ध. मी यावर बराच घोळत होतो, कारण हा फुकटचा उपाय होता, एक प्लेट काढून फिरवून लावायची. शेवटी नको म्हटलं. काही फुटलं, वाफ आली, आरडाओरडा झाला की माणूस बघत नाही, हात आपोआप घड्याळाच्या दिशेने जातो, सगळ्या नळांनी आणि चाकांनी हाताला तेच शिकवलंय. इथे तो स्टॉपवर जोर लावत बसेल आणि म्हणेल जाम झालाय. शिवाय पुढच्या शटडाऊनला कोणीतरी नवीन फिटर येईल, त्याला हे चुकीचं वाटेल, आणि तो ते "नीट" करून ठेवेल.

तिसरा उपाय ॲक्च्युएटर. पॅड आहेच, बसवून टाका. खर्च सोडा, पण ॲक्च्युएटर आला म्हणजे उलटसुलट संपलं असं कोणी समजू नका. टेक्सासमधल्या पॅसाडेना इथे २३ ऑक्टोबर १९८९ ला फिलिप्सच्या पॉलिथिलीन प्लँटमध्ये स्फोट होऊन २३ माणसं गेली, तिथे बॉल व्हॉल्व्हच्या ॲक्च्युएटरचे हवेचे होज अदलाबदल जोडलेले निघाले, म्हणजे बंद करायचा हुकूम दिला की व्हॉल्व्ह उघडायचा. होज दोन्हीकडे बसत होते म्हणून बसले. चौकोनावर लिव्हर बसतो तसंच.

मग केलं काय? व्हॉल्व्हच आडवा पाडला. थ्री-पीस असल्याचा हा फायदा, चार बोल्ट काढा, मधली बॉडी पाईपच्या आसाभोवती ९० डिग्री फिरवा, बोल्टांची जागा चौरस असल्याने परत जुळतात, वेल्डिंगला हात लावायचा नाही. गास्केट आणि सीट तेवढ्या नवीन टाकल्या. आता स्पिंडल आकाशाकडे न बघता अलीकडे, ऑपरेटरकडे बघतो आणि लिव्हर उभ्या प्रतलात फिरतो. समोर उभं राहिलं की चालू म्हणजे लिव्हर उजवीकडे, पाईपच्या रेषेत, आणि घड्याळाच्या दिशेने फिरवला की खाली लोंबतो, बंद. दिशा पण बरोबर, दाखवणं पण बरोबर. रस्त्यात येणारं आता फक्त स्पिंडल आणि पट्टीची जाडी, साधारण ११० मिलिमीटर, आणि तेवढ्यासाठी खाली एक वाकवलेला पाईप गार्ड म्हणून ठोकला.

उलट फिरवून लिव्हर वर गेल्यावर बंद, असंही करता आलं असतं आणि साहेबांना तेच आवडलं होतं, लांबून दिसतो म्हणून. पण हँडलच्या वजनाने ते खाली पडायला बघतं, आणि खाली पडण्याची दिशा बंदची असावी, उघडायची नसावी. आज टेफलॉनच्या सीट इतक्या घट्ट धरतात की वजनाने काही हलत नाही हे मलाही माहीत आहे. पण ग्लँड, म्हणजे स्पिंडलभोवतीची गळती अडवणारी पॅकिंग, सैल झाली, सीट झिजली, शेजारी पंप थरथरतोय, तेव्हा कुठे जातो हे बघायचं.

यात एक तोटा आहे तो लपवत नाही. ग्लँड गळली तर आता कॉस्टिक वर न उडता माणसाच्या अंगावर येईल. म्हणून लिव्हरच्या मागे एसएसच्या पत्र्याची ढाल लावली. इंजिनियर म्हणाला, ढाल पॅडच्या बोल्टांवर नाहीतर बॉडीच्या बोल्टांवर पकडू, सोपं पडेल. मी साफ नाही म्हटलं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये लुइझियानात बॅटन रूजच्या एक्झॉनमोबिल रिफायनरीत असंच झालं होतं, प्लग व्हॉल्व्हचा गिअरबॉक्स चालेना म्हणून तो काढून स्पिंडल पाईप पान्याने फिरवायचा होता, आणि जुन्या बनावटीच्या त्या व्हॉल्व्हमध्ये गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि प्रेशर धरून ठेवणाऱ्या टोपणाचे बोल्ट एकच होते. बोल्ट काढले, स्पिंडल फिरवला, टोपण सुटलं, आयसोब्युटेन बाहेर आला आणि पेटला, चौघं गंभीर भाजले. म्हणून माझा हट्ट असा की हाताळायच्या वस्तूचे बोल्ट वेगळे आणि प्रेशर धरणारे बोल्ट वेगळे, एकमेकांत मिसळायचे नाहीत. ढाल पाईपला साध्या क्लँपने धरली. उद्या कोणी ती काढून फेकली तरी व्हॉल्व्हचा एक बोल्टही सैल होणार नाही.

लिव्हरच्या लांबीवरून पण वाद झाला. सगळ्यांचं म्हणणं, आखूड करा, म्हणजे कुठेच लागणार नाही. मी स्प्रिंगचा काटा घेऊन गेलो होतो, वजनं करायचा असतो तोच, तो लिव्हरच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढला. आदल्या दिवशी धुतलेला व्हॉल्व्ह साधारण १४ किलोला सुटला. शेजारचा, ज्यात कॉस्टिक सुकून बसलं होतं, तो २६ किलोला. २३० मिलिमीटरच्या लिव्हरवर २६ किलो म्हणजे जवळजवळ ५९ न्यूटन-मीटर. तोच लिव्हर १८० चा केला की हाताला ३३ किलो लागणार. एपीआय ६०८ या बॉल व्हॉल्व्हच्या अमेरिकन मानकात हाताच्या जोराची मर्यादा ३६० न्यूटन आहे, म्हणजे साधारण ३७ किलो, त्यामुळे कागदावर पास होतो. पण ३७ किलो म्हणजे वरची हद्द, तीपण माणूस नीट उभा राहून, कोरड्या हाताने ओढतोय असं धरून. इथे ओली फरशी आणि रबरी हातमोजे.

आणि आखूड केलेल्या लिव्हरचं पुढे काय होतं ते त्याच भिंतीवर टांगलेलं होतं, दीड फुटी जीआय पाईपचा तुकडा. लिव्हरवर चढवायचा आणि ओढायचा. ६०० मिलिमीटरवर माणसाने नुसता ३० किलोचा जोर लावला तरी १७७ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे लागतो त्याच्या तिप्पट. बॉलच्या खाचेत बसणारी स्पिंडलची जीभ पिळून जाते, बाहेर लिव्हर फिरतो आणि आत बॉल तिथेच. हापण एक खोटा लिव्हरच झाला की. तर लांबी २३० च ठेवली, फक्त पट्टीला पाईपकडे एक वाक दिला आणि मूठ मावेल, हातमोज्यासकट, एवढी जागा सोडली. प्लास्टिकची लाल टोपी काढून टाकली, ८० डिग्रीला ती ढिली होऊन हातात येत होती, ते जास्त वाईट. पाईपचा तुकडा नानांनी स्वतः भंगारात टाकला. त्याऐवजी धुणं संपल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्यावर दोन-तीनदा पूर्ण फिरवायचा असं ठरलं, म्हणजे कॉस्टिक सीटमागे सुकत नाही, आणि खरा इलाज तोच आहे.

आता मुख्य गोष्ट, परत कोणी चौकोनावर लिव्हर चुकीचा बसवणार नाही याची सोय. इंजिनियरने सुचवलं, स्टॉप प्लेटमध्ये एक पिन ठोकू आणि लिव्हरला एकच भोक पाडू, म्हणजे लिव्हर प्लेटवर एकाच प्रकारे बसेल. ऐकायला छान. आमच्या मिलिंगवाल्या पोराने टेबलावर व्हॉल्व्ह उघडून ठेवला होता, त्याने काही न बोलता स्टॉप प्लेटच चौकोनावरून उचलली, ९० डिग्री फिरवून परत घातली, वर पिनवाला लिव्हर लावला. सगळं जुळलं. पिन भोकात, लिव्हर समांतर, आणि बॉलचं भोक आडवं. प्लेट आणि लिव्हर एकमेकांशी खरं बोलत होते, बॉलशी दोघंही खोटं. म्हणजे खूण प्लेटवर नाही, स्पिंडलवरच पाहिजे, कारण बॉलला धरलेला तोच आहे.

तर स्पिंडलच्या चौकोनाचा एक कोपरा २ मिलिमीटर कापला. सुटे स्पिंडल मागवून मिलिंगवर केले, बसवलेल्याला ग्राइंडर लावला नाही. आणि स्टॉप प्लेट व लिव्हर दोन्ही ६ मिलिमीटरच्या ३०४ स्टेनलेसच्या प्लेटमधून लेझरवर नवीन कापून घेतले, त्यांच्या चौकोनी भोकाचा एक कोपरा भरलेला. लेझरला भोक चौकोनी असो की एक कोपरा कमी असो, दर तोच, त्यामुळे हे जवळजवळ फुकटात पडलं. आता दोन्ही पट्ट्या, पालथ्या केल्या नाहीत तर, स्पिंडलवर एकाच प्रकारे जातात, दुसऱ्या प्रकारे हातोडीने पण जात नाहीत. हातोडीने करून बघितलं, म्हणून सांगतोय.

राहिला प्रश्न स्पिंडल स्वतः बॉलच्या खाचेत उलटा बसला तर? तो दोनच प्रकारे बसतो, १८० चा फरक, म्हणजे लिव्हर उजवीकडे उघडायच्याऐवजी डावीकडे उघडेल आणि सॅम्पल कॉकवर जाऊन आपटेल. विचित्र दिसेल, पण खोटं दाखवणार नाही. एवढं चालतं.

त्याशिवाय स्पिंडलच्या डोक्यावर बॉलच्या भोकाच्या रेषेत एक खाच मारून घेतली. रंग भरला होता तो कॉस्टिकने खाल्ला, खाच राहिली, पुरे. लिव्हर कोणी काढून नेला तरी टॉर्च मारून खाच बघितली की आतलं कळतं. ज्या जुन्या व्हॉल्व्हवर कंपनीची अशी खाच आधीपासून असते त्यांच्यावर लोक लिव्हर बघतात, खाच कोणी बघत नाही, हे मात्र खरं आहे.

आणि एक गोष्ट साहेबांना लेखी द्यायला लावली. लिव्हर कितीही खरा असला तरी तो फक्त बॉलची जागा सांगतो, पुढे प्रेशर आहे की नाही हे सांगत नाही. सीट झिजली असेल तर बंद व्हॉल्व्हमधूनही गळतं. म्हणून व्हॉल्व्ह आणि होजच्या क्लँपच्या मध्ये अर्धा इंची ड्रेन कॉक टाकला, तोंड खाली जाळीकडे वळवलेलं. होज काढायच्या आधी तो उघडायचा, धार थांबली की मगच क्लँपला हात. थांबलीच नाही तर क्लँपला हात नाही, पंप बंद. लिव्हरला कुलपासाठी भोकही ठेवलंय, पण खरं सांगू का, दिवसातून इतक्या वेळा फिरणाऱ्या व्हॉल्व्हला कोणी कुलूप लावणार नाही, ते शटडाऊनच्या कामापुरतं.

ऑपरेटर लोकांनी पहिला आठवडा शिव्या घातल्या, कारण जुन्या लोकांचा हात उलट्या लिव्हरला सरावला होता. नेहमीचा ऑपरेटर म्हणाला, "दादा, आता मला सगळं सरळ शिकावं लागंल." हाताची ही सवय माहीत होती म्हणूनच बदल एका पाळीत न करता रविवारी सगळी लाइन बंद ठेवून सगळे एकदम बदलले, अर्धे जुने अर्धे नवीन असा खेळ ठेवला नाही. तो दिवस द्यायला साहेब तयार नव्हते, सिझनमध्ये एक दिवस म्हणजे किती टन माल ते मलाही कळतं. नानांची कापलेली मजुरी परत मिळाल्याशिवाय मीपण काम चालू करणार नव्हतो, तर दोन्ही गोष्टी एकदमच सुटल्या.

त्या लाइनवरचे चौकोनी स्पिंडलवाले सगळे झाले. स्टीमच्या बाजूला तीन इंची दोन आहेत, फ्लँजवाले, ते आडवे पाडता येत नाहीत, कारण वरची बीम आड येते. तिथे नुसता कोपरा कापलेला स्पिंडल आणि नवीन लिव्हर दिलाय. माझं म्हणणं, स्टीमला पाव फेऱ्याचा लिव्हर मुळातच नको, झटक्यात उघडला की लाइनमध्ये साचलेलं पाणी वाफेबरोबर पळतं आणि पाईप हादरतात, तिथे चाकाचा ग्लोब व्हॉल्व्ह नाहीतर निदान गिअर पाहिजे, म्हणजे सावकाश उघडावाच लागतो. कोटेशन दिलंय. ऑफ सिझनला बघू म्हणालेत.